वरची मूठ

मित्रांनो, मी राजूरच्या बाजारातला एक जुना तराजू आहे. संगमनेरात माझी दांडी घडली आणि रतनबाईंच्या हातात माझा जन्म गेला. तीस वर्षं मी तांदूळ नि वरई तोलली. माझा काटा कधी खोटं बोलला नाही. पण रतनबाईंची रीत अशी, की पारडी समान झाली की वर एक मूठ घालायचीच. गिऱ्हाईक खूश व्हायचं आणि माझा तोल जायचा. सुरुवातीला मला राग यायचा, पुढे सवय झाली.

मग त्यांचा मुलगा गोरक्ष याने आकडे दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा आणला. सगळं कौतुक त्याच्या वाट्याला गेलं आणि मी खुंटीला लागलो. पुढच्या बाजारी मला भंगारवाल्याला द्यायचं, हेही गोरक्षने ठरवून टाकलं. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात त्याची मुलगी निकिता शाळेतून तोंड पाडून आली. सहावीची इंग्रजीची वही लाल रेघांनी भरली होती. 'बॉइज रन' म्हणायचं तिथे ही 'बॉइज रन्स' म्हणे. एकीकडे 'एस' लागला की दुसरीकडे नको, असं रोहिणी मॅडमनी शंभरदा सांगून झालं होतं. पण आजीच्या दुकानात वाढलेली पोर ती! कर्त्याला दिलं आणि क्रियापदाला रिकाम्या हाताने पाठवलं, हे तिला बरं दिसेना. आता बाजाराच्या दिवशीच मॅडम दहा वाक्यं तोंडी विचारणार होत्या.

रतनबाईंना अक्षरओळख नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मला खुंटीवरून काढलं आणि पन्नास ग्रॅमचं वजन नातीच्या हातात दिलं.

"ह्यो तुजा यस. असला घरात एकच हाय. हिकडं ठिवला तर तिकडं काय ठिवशील?"

"काईच न्हाई," निकिता म्हणाली.

"मंग झालं तर."

त्या दिवसापासून माझ्या डाव्या पारड्यात कर्ता बसू लागला, उजव्यात क्रियापद. मुलगा एक असला की वजन उजवीकडे, मुलगे अनेक झाले की डावीकडे. 'आय' आणि 'यू' ही बडी गिऱ्हाइकं, त्यांना वजनच लागत नाही. मोठ्यांना सगळीकडे सवलत! गोरक्ष हसून म्हणाला, दहाच्या दहा बरोबर आली तर तराजू राहील, एक जरी चुकलं तर भंगारात. माझा जीव इंग्रजीला टांगला गेला.

निकिता मला पोत्यात घालून शाळेत घेऊन गेली. नऊ वाक्यं बिनचूक आली. दहावं होतं आजी तांदूळ विकते, हे. तिने वजन उजवीकडे ठेवलं, पण आजीचं पारडं रिकामं राहिलेलं तिला सोसवेना. हात सवयीने दुसरं वजन शोधू लागला. माझ्या साखळ्या थरथरल्या. दुसरं वजन नव्हतंच. "माय ग्रँडमदर सेल्स राइस," ती म्हणाली, आणि मॅडमनी मान डोलावली.

संध्याकाळी भंगारवाला हात हलवत गेला. निकिता ऐटीत मला धरून तांदूळ तोलू लागली. दाणा दाणा काढून तिने काटा मधोमध आणला. समोर जुनं गिऱ्हाईक आक्काबाई पिशवी उघडी धरून उभ्याच राहिल्या.

"पोरी, ते इंग्रजी हुतं," रतनबाई म्हणाल्या. "ह्यो तांदूळ हाय. वर मूठ घाल."

निकिताने मूठ घातली. माझा तोल गेला, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा मला त्याचं सुख वाटलं. मित्रांनो, जुनी वस्तू भंगारात घालण्याआधी तिला एकदा हातात घेऊन बघा. आणि 'एस' मोजूनच द्या बरं, पण मूठ मोजू नका.