वाटीभर पाण्याचं चित्र

आप्पांचं शेवटचं चित्र अजून पाटावर ताणलेलंच होतं. कडेच्या डिंकाच्या पट्ट्याही त्यांनी कापल्या नव्हत्या. वर टेकडी, बाभळी, पलीकडच्या काठावरची घरं. खालचा अर्धा कागद कोरा. त्या कोऱ्या जागेत एक काळपट ठिपका, ब्रशमधून रंग गळावा तसा.

"नदी रंगवायची राहिली," दादा म्हणाला. उद्या तेरावं होतं. आप्पांनी जन्मभर जलरंगात खेडी रंगवली. त्यांचं शेवटचं चित्र लोकांनी अर्धवट पाहू नये, असं त्याला वाटत होतं.

आप्पांचा जुना शिष्य सिद्धाराम आता सिनेमाचे बोर्ड रंगवायचा. तो पाटासमोर उकिडवा बसला. "त्यात काय, अक्का. सीना नदीचं पाणी सरांनी मला किती वेळा गिरवायला लावलंय. डाग तेवढा ओल्या स्पंजानं उचलतो, आणि निळं सोडतो."

"मी येईपर्यंत थांब," मी म्हटलं.

"निघालीस कुठं?" दादानं विचारलं.

"सीनेवर."

"उद्याचे तांदूळ निवडायचे पडलेत," वहिनी आतून म्हणाली, "आणि ह्या निघाल्या नदी बघायला!"

मला घरात बसवत नव्हतं, हेही खरं. आप्पा गेल्यापासून मी या खोलीतून त्या खोलीत जात होते. एका खोलीत उचललेलं पुस्तक न उघडताच दुसऱ्या खोलीत ठेवत होते. पण त्या कोऱ्या जागेनं मला जास्तच छळलं होतं. आप्पा पांढरा रंग बाळगत नसत. उजेड कागदाचाच असतो, तो सोडता आला पाहिजे, असं म्हणत. ही जागा त्यांनी सोडली होती, की राहून गेली होती? राहून गेली असेल, तर त्या दिवशी त्यांचा हात थकला होता आणि आमच्यापैकी कुणाला ते कळलं नव्हतं.

आप्पा नेहमी चित्रं काढायला जायचे, त्या पुलाशी मोहोळच्या एस.टी.नं उतरले. दुष्काळाचा उन्हाळा, रस्त्याकडेला बायका खडी फोडत होत्या. आमच्या घरातल्या भिंतींवर सीना कुठं निळी होती, कुठं गढूळ तांबूस. पुलावरून खाली पाहिलं, तर पात्रभर नुसती वाळू. उन्हात इतकी पांढरी की डोळे मिटावे लागले. पुन्हा उघडले तेव्हा वाळूत एक काळपट ठिपका दिसला.

मी जवळजवळ पळतच उतरले. वाळूत खणलेला झिरा होता तो. तळाशी पाणी पाझरत होतं आणि एक बाई ओणवी होऊन ते वाटीनं घागरीत भरत होती. मागं घागरींची रांग.

"नंबर लावा बाई," ती वर न बघताच म्हणाली.

"पाणी नको. इथं एक म्हातारे चित्र काढायला आले होते का?"

"काळी टोपीवालं? व्हय की!" ती सरळ झाली. बजाबाई तिचं नाव. "रंगाला पाणी मागाया आलं. म्हणलं, हितं माणसाला प्याया न्हाय, नि ह्यांच्या चित्राला तहान लागलीया! बाया लई हसल्या. म्हातारं वरमलं. मग मीच दिलं वाटीभर. तेवढ्यात समदं केलं बघा. उरलेलं माघारी द्याया आलं, काळंमिट्ट! म्हणलं, आता तुमीच प्या."

मी हसले. आप्पा गेल्यानंतर पहिल्यांदाच.

"चित्र दावलं त्यांनी," ती म्हणाली. "म्हणलं, ह्यात नदी कुटं हाय? तर म्हणालं, तुमी उभ्या हाय तीच की. तुमचं कोन ते?"

"वडील. गेले ते."

तिनं वाटी झिऱ्यात बुडवली. मग वाटी पुढं केली. "घ्या घोटभर. उनाचं आलाय."

रांगेतल्या बायका माझ्याकडं बघत होत्या. मी एकच घोट घेतला. पाण्याला वाळूचा वास होता.

परतीची एस.टी. येईना. मी पुलावर येरझाऱ्या घालत राहिले. शेवटी एका ट्रकला हात केला.

दारातूनच दिसलं. पाट जमिनीवर आडवा होता, कागदाचा खालचा भाग ओला चकाकत होता, सिद्धारामच्या हातात स्पंज.

"थांब!"

"दादासाहेब म्हणाले, उशीर होतोय. नुसतं पाणी मारलंय, अक्का. रंग कुठं लावलाय अजून?"

"लावू नकोस. ती नदीच आहे. कोरडी. आणि तो डाग नाही, झिरा आहे."

त्यानं चित्राकडं पाहिलं. स्पंज हळूच मागं घेतला. "ह्यावर मी एकदा टेकवला होता," तो म्हणाला. "एकदाच."

"लोकांना काय सांगायचं?" दादा म्हणाला.

"नदीला पाणी नव्हतं म्हणून सांग."

पाट उभा करता येईना. ओल ओघळली असती. कागद वाळेपर्यंत आम्ही तिघं भोवती थांबलो. मी बसत होते, उठत होते, पुन्हा वाकून पाहत होते. ओल्या कागदावर ठिपक्याची कड हळूहळू सुटत होती, आणि तिला हात लावण्यात अर्थ नव्हता.

वाळला तेव्हा ठिपका थोडा फिका झाला होता आणि थोडा मोठा. झिऱ्याला जरासं पाणी वाढावं तसा.