ग्लाफिराने राखून ठेवलेली क्षमा

देवाच्या घरात राहणारा धन्य, असं आमचे फादर सांगतात. मी एकवीस वर्षं राहतो आहे. चर्चच्या फाटकापाशी रखवालदाराची खोली आहे, ती माझी. छत गळतं, शेगडी धूर करते. बाकी धन्य आहे.

ईस्टरआधीचा मोठा उपवास सोमवारी लागणार होता. आदल्या दिवशी माझी मुलगी झिनाईदा बिश्केकहून गाडी घेऊन आली, मला कायमचं न्यायला. तिच्या फ्लॅटमध्ये नळाला गरम पाणी येतं. हिवाळ्यात मी बर्फात पडलो, तेव्हापासून तिला झोप नव्हती. मला जायचं नव्हतं, पण तिच्या तोंडावर नाही म्हणवेना. गाठोडं बांधलं.

"प्रार्थना झाली की निघू, बाबा," ती म्हणाली.

त्या रविवारी आमच्यात प्रत्येक जण प्रत्येकापुढे वाकून क्षमा मागतो. समोरचा म्हणतो, "देव क्षमा करो." एकालाही वगळून उपवासाला बसायचं नसतं. सदतीस माणसं अर्ध्या तासात उरकली. शेवटी राहिली मेणबत्त्या विकणारी ग्लाफिरा. आमचं कधीच पटलेलं नाही.

मी वाकलो. "मला क्षमा कर, ग्लाफिरा."

"कशाबद्दल?"

"असं विचारायचं नसतं. सगळ्याबद्दल."

"सगळं म्हणजे फार झालं, सावेल्या. विचार करावा लागेल."

"बाहेर गाडी उभी आहे."

"उभी राहू दे. गाडीचे काय पाय दुखतात?"

फादर आले. "ग्लाफिरा, आज नाही म्हणता येत नाही."

"नाही कुठे म्हणतेय, फादर? पुढच्या वर्षी करीन की."

"मावशी, आम्हाला सहा तासांचा रस्ता आहे," झिनाईदा म्हणाली.

"तू जा ना बाई. तुला कधीच केली क्षमा. याचंच तेवढं राहिलंय."

फादरांनी दाढी कुरवाळली. "क्षमा न घेता निघणं बरं नाही," म्हणाले आणि दिवे विझवायला गेले.

झिनाईदाने माझ्याकडे पाहिलं. 'मी क्षमा मागितली, देवाने पाहिलं, चल,' एवढं मला म्हणता आलं असतं. मी फरशीकडे बघत राहिलो.

ती एकटीच निघाली. "ईस्टरला येते," म्हणाली. "तोवर मिटवा तुमचं."

ईस्टरपर्यंत मी ग्लाफिराशी एक शब्द गोड बोललो नाही. तीही भांडण सांभाळून होती.