गुरुदासची सुटलेली दारू

"दारू किती घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

गुरुदासने तोंड उघडायच्या आत त्याची बायको विनीता बोलून गेली, "रोज घेतात. लपून घेतात."

गुरुदास म्हणजे तोंडवली गावात होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस. पोट घागरीसारखं फुगलेलं, पाय सुजलेले. वर्षभर ती त्याचं तोंड हुंगत होती. वास डिझेलचाच यायचा, तरी हुंगत होती.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. यकृताकडून हृदयाकडे जाणारी मोठी शीर. तिच्यात जन्मापासूनच एक पडदा. रक्त तुंबतं, पोटात पाणी भरतं. "छाती उघडून तो पडदा कापावा लागेल. आणि ताई, याचा दारूशी काही संबंध नाही."

"म्हंजे पायपात कचरो!" गुरुदास हसला. "आणि हिनां वर्षभर टाकीचो वास घेतल्यान!"

विनीता हसली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "तुमी सांगलास नाय कित्याक?"

"सांगलंय मगे. तू आयकलंस खंय?"

ऑपरेशन झालं. पोट ओसरलं. पाच महिन्यांनी गुरुदास परत इंजिनं खोलायला लागला. गावात जो तो विनीताला गाठायचा. "देव पावलो गो! घोवाची सुटली!"

"तसा नाय हां, ती शीर..." ती सुरू करायची. समोरचा डोळा मिचकावायचा. ती अर्ध्यावरच थांबायची.

आज देवळात तिचा नवस फेडायचा होता. नवऱ्याची दारू सुटू दे, असं तिनेच गेल्या वर्षी भर देवळात मागितलं होतं. आज सगळ्यांसमोर खरं सांगायचं, हे ठरवूनच ती आली होती.

देवाला गाऱ्हाणं घालणाऱ्या म्हाताऱ्या गावकाराने नारळ हातात घेतला. त्याच्या प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान दारू सोडल्यान..."

"आबानु, वायच थांबा," विनीता पुढे झाली. "ह्येंनी कधी..."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ती तिथेच अडखळली.

"व्हय म्हाराजा!" गुरुदास मोठ्याने ओरडला.

हशा पिकला. मग सगळं देऊळ गरजलं, "व्हय म्हाराजा!"

वाक्य अजूनही पुरं करता आलं असतं. तिने केलं नाही.

बाहेर येताना लोक गुरुदासच्या पाठीवर थापा मारत होते. "शाबास रे! आता परत बाटलेक शिवा नको हां!" दर थापेला तो छातीवरच्या व्रणावर हात दाबून धरत होता, आणि हसत होता.