नव्या तेलाचा ठसका

"बिस्मिल्लाह" म्हणत मबरूकाने डबा कलता केला. हिरवट तेल वाडग्यात उतरलं. शेजारी बसलेल्या लेकीच्या, सुंदुसच्या हातातला पावाचा तुकडा तसाच राहिला.

"ओत, हात आखडू नकोस," तिजानी उशीला टेकत बायकोला म्हणाले. "माझ्या घाण्याचं आहे, तुझ्या माहेरचं नव्हे."

"माहेरचं असतं तर अंथरुणातून उठून पळाला असतात."

स्फाक्स शहरातल्या त्या घाण्यावर तिजानींनी उभा जन्म ऑलिव्हचं तेल चाखण्यात घालवला. चांगल्या नव्या तेलाने घशाला ठसका लागतो. तिजानी ठसकले की गिऱ्हाईक पुढे काही विचारत नसे.

आता त्यांच्या यकृतात गाठ होती आणि त्यांच्यावर एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. गाठीच्या पेशी आपली चरबी आपणच घडवतात. ती घडवणाऱ्या एन्झाइमला हे औषध अडवून धरतं. सुंदुस प्रयोगशाळेत त्याच एन्झाइमवर काम करायची. औषधाने मरणाला टेकलेल्या गाठीच्या पेशींना तिने एक थेंब देऊन पाहिला, ऑलिव्हच्या तेलात सगळ्यात जास्त असतं त्या स्निग्ध आम्लाचा. आज सकाळी पेशी पुन्हा टवटवीत होत्या, औषध फुकट गेलं होतं.

तिने लगेच डॉक्टरांना फोन केला होता.

"काचेतल्या पेशी वेगळ्या, माणूस वेगळा," ते म्हणाले होते. "त्यांच्या पोटात गेल्यावर काय होतं, मलाही ठाऊक नाही गं. खाऊ दे त्यांना."

आणि हा डबा तर उम्मी, तिची आई, रोज पहाटेच्या नमाजानंतर मांडीवर घेऊन बसायची, त्यावर दुआ फुंकायची.

मबरूका पाणी आणायला आत गेली.

"बाबा, ते तेल जरा..."

तिजानींनी वाडगा तिच्यापुढे सरकवला. "चाखून सांग, कसं आहे."

"तुम्हीच सांगा की."

"मला आता तेल काय नि पाणी काय, सारखंच लागतं. उम्मीला बोलू नकोस."

"मग काल ठसका लागला तो?"

"तो रोज लागतो." ते दाराकडे बघत होते. "नाही लागला, तर ती दुसरा डबा फोडेल."

पावलं वाजली. तिजानींनी पाव बुडवून तोंडात टाकला आणि ठसकले. मबरूका दारातच थांबली. तिचे ओठ दुआ म्हणत हलले.

"बघ," मग ती लेकीला म्हणाली, "जीभ अजून शाबूत आहे."

सुंदुसने आपला तुकडा बुडवला. तिला खरोखरच ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं.

"बापावर गेलीस," म्हणत मबरूकाने पुन्हा डबा उचलला.

सुंदुसने हात पुढे केला. डबा जड होता. तिने तो खालून धरला आणि उम्मीने ओतलं.