हळदीचं सहावं नाव

चंद्रावती धवलारीण. पेणपासून रोह्यापर्यंत कुणाचंही लग्न असो, ती गायला बसली की डीजेवालासुद्धा मुकाट्याने बटणं बंद करतो. जुन्या चालीत नवे शब्द बसवावेत तर तिनेच. हळदीच्या गाण्यात ती पाच बायांची नावं घेते. नाव आलं की त्या बाईने उठून नवरीला हळद लावायची, मगच पुढची ओळ. घेतलेलं नाव मागे घेतलं तर अपशकुन.

पण पाचही सवाष्णीच हव्यात! चंद्रावतीचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. तिचा गळा चालतो, हात चालत नाही. पोटच्या लेकीला हळद लागली तेव्हाही ती चार हात लांब बसून गात होती. तो सल काही केल्या जात नव्हता.

आज किमयाची हळद. तिची आई हौसा, दोन वर्षांपूर्वी विधवा झालेली, मिठागरात राबून लेकीला नर्स केलेली. आणि आज बसली कुठे? मागच्या पडवीत, भांड्यांपाशी. असंच होणार हे चंद्रावती ओळखून होती, म्हणून तर एसटीतच तिने नवी ओळ बांधून ठेवली होती.

चार नावं झाली. पाचव्याला तिने आवाज चढवला:

"मिठानं फाटलं हात जिचं गो,
ती हौसा आय हलद लावी गो."

नवरीचा चुलता जनू पुढे आला. भावकीतली सगळी लग्नं चंद्रावतीला मिळायची ती त्याच्याच शब्दावर. दुसरं नाव घे म्हणाला, नाहीतर यापुढे आमच्या दारात तुझं गाणं बंद.

"नको बोलवू," चंद्रावती म्हणाली. "पण आजचं गाणं हौसाच्या हातावाचून पुढं जायाचं नाय."

आणि पुन्हा तीच ओळ. पुन्हा तीच. सातव्या खेपेला तिच्या मागे बसलेल्या बायांनी झील धरली. जनूने एकेकीकडे डोळे वटारून पाहिलं, पण कुणी जुमानेना. शेवटी हौसा पदराला हात पुसत आली. तिने लेकीचे गाल माखले आणि मायलेकी पोटभर रडल्या.

चंद्रावती शेवटची ओळ घेणार, तोच हौसानेच तोंड उघडलं. जन्मात कधी न गायलेली बाई ती! सूर कुठल्या कुठे गेला, नाव मात्र सगळ्या मांडवाने ऐकलं.

"चंद्रावती बाय हलद लावी गो."

घेतलेलं नाव मागे घेता येत नाही. जनूने तोंड फिरवलं. चंद्रावती उठली आणि अकरा वर्षांनी तिने हात हळदीत बुडवला. पुढची ओळ म्हणायला मात्र तिच्या गळ्यातून आवाज निघेना. ती बायांनी म्हटली.