हत्तीवाल्यांचा अंकुश

आमचं आडनाव हत्तीवाले. घर दोन खोल्यांचं, फाटक मात्र बारा फूट उंच. सोमशेखरकाकांनी गवंड्याला बजावून सांगितलं होतं, उद्या हत्ती घ्यायचा झाला तर दारात अडकायला नको. आमच्या बोळात रिक्षा वळत नाही, ते सोडा.

घराण्याचा पुरावा म्हणजे एक अंकुश. वीतभर वाकडं लोखंड, आडवी लाकडी मूठ आणि मुठीवर चार बोटांचे खळगे. काकांचे आजोबा शरणबसवप्पा 'हत्ती आला' असं काहीतरी म्हणायचे, एवढं काकांना लहानपणचं आठवायचं. अंबारी, झूल, घंटा त्यांनी नंतर स्वतःच जोडल्या. आजोबांचं बोलणं कन्नड, काका मराठी शाळेत गेले आणि घरातलं कन्नड तिथंच संपलं. ती मूठ मात्र काका कधी धरायचे नाहीत. खळगे माहुताच्या बोटांचे, मालकानं कशाला हात लावायचा?

दसऱ्याला अंकुशाची पूजा व्हायची आणि हत्तीसाठी फाटकाला अख्खा ऊस टेकवून ठेवायचा. सकाळी ऊस गायब. आम्ही भावंडं मग लीद शोधत बोळभर हिंडायचो. एकदा सापडलीसुद्धा, म्हशीची निघाली. तरी आम्ही आठवडाभर ऐटीत होतो. तसली ऐट नंतर पहिल्या पगारालाही आली नाही.

यंदा वाचनालयानं जुन्या घराण्यांच्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं. सहा महिने धोशा लावून काकांनी मधली काचेची पेटी मिळवली. आत चिठ्ठी, त्यांच्याच अक्षरात: 'शरणबसवप्पांच्या दारात हत्ती येत असे.' बहात्तराव्या वर्षी त्यांना एवढंच पाहिजे होतं, की चार परक्या माणसांनी ते वाचावं.

पहिल्या दिवशी काका अंकुशाला तेल लावून तो टेबलावर ठेवत होते, तेवढ्यात मकदूमचाचा आले. गिरणीतले जुने हमाल. अंकुश बघून त्यांचे डोळे चमकले. उचलला, शेजारच्या गादीच्या खुर्चीत खुपसला आणि खुर्ची हातभर ओढली. खुर्चीत वाचनालयाचे अध्यक्ष बसले होते.

"कापसाच्या गाठी ओढायचा आकडा हाय हा," चाचा लाडानं म्हणाले. "चाळीस वर्षं असलाच होता माझ्या हातात."

काका हसले. चाचांना समजावू लागले की दारात हत्ती होता. तेव्हा अक्कलकोटहून आलेली त्यांची थोरली बहीण, आमची गुरव्वाआत्या, पलीकडच्या खुर्चीतून म्हणाली, "सोमू, हत्ती म्हंजे कन्नडात कापूस की रे. कापसाची गाडी दारात थांबली की आज्जा 'हत्ती बंतु', कापूस आला, म्हणायचे, आन् आकडा घिऊन गिरणीला जायचे. हमाल हुते ते."

काकांनी विचारलं, इतकी वर्षं का नाही सांगितलं?

"तू विचारलास कवा? आन् सांगितलं असतं तर ऊस बंद झाला असता की."

दर दसऱ्याला आत्या माहेरी यायची, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं.

अध्यक्षांनी फाटकी गादी चाचपत सुचवलं की चिठ्ठी तेवढी काढावी. काकांनी आकडा हातात घेतला आणि जन्मात पहिल्यांदा मूठ धरली. चारही बोटं खळग्यांत बसली, जराही सैल नाहीत. चाचांनी मनगट कसं वळवायचं ते दाखवलं, काकांनी तसं वळवलं.

मग त्यांनी पेन मागितलं. वाक्य खोडलं नाही. 'हत्ती'च्या आधी एक शब्द घातला आणि चिठ्ठी परत पेटीत ठेवली: 'शरणबसवप्पांच्या दारात कन्नड हत्ती येत असे.'

दुपारी एका पाहुण्यानं ती दोनदा वाचली आणि काकांना विचारलं, "कन्नड हत्ती लहान असतो का ओ?"

"लहान?" काका म्हणाले. "आमचे आजोबा पाठीवर घ्यायचे त्याला."