सोळाशे फोटोंची जागा

"सोळा बाय वीस," असे म्हणत रेनो लाहतीने कॅमेऱ्याच्या कार्डाची डबी काउंटरवर ठेवली. "चर्चच्या दारापाशी लाकडी स्टँड असतो ना, त्याच्यावर बसेल एवढा फोटो. शनिवारी माती द्यायचीय एल्माला."

डबीवर लोर्ना कांगसचे स्वतःचेच अक्षर होते : सुमारे १६००.

फेब्रुवारीत तिनेच ते लिहिले होते. हँकॉक गावातल्या औषधांच्या दुकानात, फोटोच्या काउंटरवर, तिची बावीस वर्षे गेली होती आणि "भरपूर मावतात" असे मोघम उत्तर तिने एकाही गिऱ्हाइकाला दिले नव्हते. पाकिटावरच्या छापील आकड्यावर तिचा विश्वास नसे. कार्ड पाचशे बारा मेगाबाइटचे. प्रत्यक्षात हाती लागतात चारशे अठ्ठ्याऐंशी. उत्तम दर्जाचा फोटो सरासरी अडीच मेगाबाइट खातो, म्हणजे दोनशेच्या आतबाहेर. सर्वांत लहान फोटो खातो तीन दशांश, म्हणजे सोळाशे. बर्फाचे काढले तर थोडे अधिक, झाडीचे काढले तर थोडे कमी.

"मला जास्तीत जास्त मावायला हवेत," रेनो तेव्हा म्हणाला होता.

"त्यातले आठशे ह्याच्या बोटाचेच निघतील," शेजारी उभी असलेली एल्मा म्हणाली होती. लोकरीची टोपी तिने दुकानातही काढली नव्हती. "पंचेचाळीस वर्षं संसार केला, पण माझा एक फोटो धड काढला नाही ह्यानं."

लोर्नाने कॅमेऱ्याची कळ 'लहान'वर फिरवून दिली होती. गणित बरोबर होते.

आता पडद्यावर फोटो उमटले. एकंदर त्र्याहत्तर. अकरा फोटोंच्या कोपऱ्यात रेनोचे बोट होते. त्यांतल्याच एकावर तो थांबला. एल्मा वेलचीचा पाव कापता कापता, सुरी उगारून, त्याच्यावर डाफरत होती.

"हा. ह्यात ती आहे. बाकीच्यांत नुसता आजार आहे."

सोळा इंच रुंदीवर लहान फोटोचे चारशे ऐंशी ठिपके, इंचाला तीस. निदान शंभर हवेत. हा हिशेब लोर्नाने मुद्दाम केला. दुसरा आपोआप झाला : त्र्याहत्तर गुणिले अडीच. उत्तम दर्जाचे काढले असते, तरी निम्म्याहून अधिक कार्ड रिकामे राहिले असते.

दोष कॅमेऱ्यावर ढकलता आला असता. रेनोला ते कळलेही नसते.

"रेनो, हा मोठा नाही होणार. चेहऱ्याचे नुसते चौकोन दिसतील. चूक माझी आहे. किती मावतात ते मी सांगत बसले. तुम्ही किती काढणार, ते विचारलंच नाही."

रेनोने डबी पुढे ओढली.

"विचारलं असतंस, तर मी खोटंच सांगितलं असतं. डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं, फार तर कालव्यावरचा बर्फ फुटेपर्यंत आहे ती. आम्हा दोघांनाही माहीत होतं." त्याने डबी उचलून तिच्यावरचा आकडा पाहिला. "पण त्या दिवशी गाडीत बसल्यावर एल्मा म्हणते, 'रोज एक काढलास तरी चार वर्षं पुरतील की रे.' दिवसभर खुशीत होती बाई."

त्याने डबी परत काउंटरवर ठेवली.

"केवढा होईल मग?"

"चार बाय सहा. त्यापुढे नाही."

"तेवढा कर."

"कोपऱ्यातलं बोट कापून टाकू?"

"नको, राहू दे. नाहीतर तिला वाटायचं, दुसऱ्याच कोणी काढला."

शनिवारी चर्चच्या दारापाशी, लाकडी स्टँडवर, सोळा बाय वीसचा पांढरा पुठ्ठा उभा होता. मधोमध तळहाताएवढा फोटो. दुरून पाहणाऱ्याला नुसता पुठ्ठाच दिसे. मग जो तो अगदी जवळ जाई, चष्मा सावरी आणि वाकून पाही. रांग पायऱ्यांपर्यंत गेली होती. तरी वाकलेला माणूस लवकर सरळ होत नव्हता.